टी पेशींच्या पृष्ठभागाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रे: पुण्यातील एका सशुल्क केंद्राचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत आमच्या प्रयोगशाळेने पुण्यातील एका सशुल्क उपकरण केंद्राकडून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘सेम’ची, सेवा पाच वेळा घेतली. प्रत्येक वेळी काम एकच होते: माणसाच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या टी पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, पृष्ठभाग पाहणे आणि त्यावर एल-सिलेक्टिन हे प्रथिन नेमके कोठे बसलेले असते ते शोधणे. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा त्या एका केंद्राच्या नसून ही सेवा जशी दिली-घेतली जाते त्या रीतीच्या आहेत. जैविक नमुने घेऊन पहिल्यांदाच अशा केंद्राची पायरी चढणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी या कामाला ‘सेम’च का लागतो, ते सांगणे आवश्यक आहे. रक्तात फिरणारी, अजून जागी न झालेली, म्हणजे रोगजंतूशी लढायला सज्ज न झालेली टी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत ती गुळगुळीत गोळीसारखी काढलेली असते, पण प्रत्यक्षात तिच्या अंगभर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, ज्यांना आम्ही मायक्रोव्हिलाय म्हणतो. या उंचवट्यांची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास असते, तर साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाची मजल २०० नॅनोमीटरच्या आसपास संपते, त्यामुळे त्याखाली हे सगळे रान एका धूसर कडेत विरघळून जाते. एल-सिलेक्टिन मात्र नेमके या उंचवट्यांच्या टोकांवर असते, आणि ते तेथे असण्याला कारण आहे. रक्ताच्या वेगवान प्रवाहातून जाणाऱ्या पेशीला लसिकाग्रंथीतल्या शिरेच्या भिंतीला क्षणभर पकडून तिच्यावरून घरंगळत जायचे असते, आणि पुरात वाहत जाणारा माणूस जसा हात लांब करून काठाची फांदी धरतो, तशी ही पकड सर्वांत पुढे असलेल्या टोकांनीच शक्य होते. सीडी४४ हे प्रथिन याउलट पेशीच्या मुख्य अंगावर, उंचवट्यांच्या मधल्या सपाटीवर आढळते. तेव्हा एखादे प्रथिन पेशीवर किती आहे याइतकेच ते कोठे आहे याला महत्त्व असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणारे यंत्र, दहा मिनिटांत देतो, दुसऱ्याचे तो कधीच देऊ शकत नाही.

केंद्राच्या नोंदणी अर्जापासूनच आपण पाहुणे आहोत हे जाणवते. नमुना भुकटी आहे, पातळ थर आहे की धातूचा तुकडा आहे, तो चुंबकीय आहे का, कोणत्या द्रावकात पसरायचा आहे, असे सगळे प्रश्न पदार्थविज्ञानाच्या मंडळींसाठी बेतलेले असतात आणि शेवटी ‘जैविक’ असा एक चौकोन असतो. पुण्यातल्या अशा यंत्रांसमोरची रांग मुख्यतः उत्प्रेरक, बहुवारिके, सिमेंट आणि नॅनोकण घेऊन येणाऱ्यांची असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु अर्जात ‘तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे’ असा एक प्रश्न असता, तर आमची पहिली खेप वाया गेली नसती, असे मला आजही वाटते.

ती पहिली खेप जुलैमध्ये झाली. पेशी आमच्याच प्रयोगशाळेत, ३७ अंशांवर असतानाच, सौम्य पॅराफॉर्माल्डिहाइडने स्थिर केल्या होत्या, म्हणजे आहे त्याच रूपात गोठवल्या होत्या. त्यावर एल-सिलेक्टिनला चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी), आणि त्या प्रतिपिंडाला चिकटणारे, १५ नॅनोमीटरचा सोन्याचा कण वाहणारे दुसरे प्रतिपिंड लावले होते. मग २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडने पेशी पक्क्या करून पॉली-एल-लायसिन लावलेल्या गोल कव्हरस्लिपांवर, म्हणजे काचेच्या पातळ चकत्यांवर, बसवल्या होत्या. हे सगळे करण्यात तीन दिवस गेले होते. नमुना देताना मी कागदावर सगळे लिहून दिले, पण काउंटरवर तो कागद पिशवीला स्टेपल झाला आणि पुढे कोणी वाचला नाही. त्या आठवड्यात क्रिटिकल पॉइंट ड्रायरचा, म्हणजे नमुना जपून वाळवणाऱ्या उपकरणाचा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपलेला होता, म्हणून नमुने मला न विचारता एचएमडीएस या द्रवातून काढून उघड्यावर वाळवले गेले, आणि त्यानंतर नमुना वीजवाहक व्हावा म्हणून नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यावर सोन्याचा मुलामा चढवला गेला.

यात काय बिघडले ते जवळून पाहण्यासारखे आहे. ओला कुंचला पाण्यात बुडालेला असतो तोवर त्याचे केस सुटे आणि ताठ दिसतात, पण बाहेर काढताच ते एकमेकांना चिकटून एक टोक होते. हे काम पाण्याच्या पृष्ठताणाचे आहे. पेशीवरून द्रवाची पातळी वाळत खाली सरकताना तोच ताण १०० नॅनोमीटर जाडीच्या उंचवट्यांवर काम करतो आणि ते आडवे पडतात, एकमेकांत गुंततात किंवा पेशीच्या अंगाला चिकटून जातात. एचएमडीएसचा पृष्ठताण पाण्याच्या मानाने कमी असतो, म्हणून मोठ्या आणि दणकट नमुन्यांसाठी तो पुष्कळदा चालूनही जातो, परंतु आमच्या पेशींवर कुरडई भिजून मऊ पडल्यासारखे एकमेकांत मिसळलेले वळसे दिसत होते. क्रिटिकल पॉइंट ड्रायर ही अडचण मुळातूनच टाळतो. त्यात, पेशीतल्या पाण्याऐवजी आधीच भरलेल्या अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून तापमान ३१ अंशांच्या आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पटींच्या वर नेला, की द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच उरत नाही, आणि सीमाच नसल्याने उंचवट्यांना ओढणारा ताणही उरत नाही. त्यानंतर वायू सावकाश सोडून दिला की पेशी जशी होती तशी उभी राहते. थोडी आकसते, हे खरे, पण तिचे रूप टिकते.

दुसरी चूक आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक गंभीर होती. प्रथिनाची जागा दाखवण्यासाठी आम्ही सोन्याचे कण लावले होते आणि केंद्राने संपूर्ण पेशीवरच सोने चढवले. सोन्यावर सोने दिसत नाही. मुलाम्याचे स्वतःचे रवेही काही नॅनोमीटरचे असतात, त्यामुळे मोठ्या वर्धनावर सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसत होते आणि त्यांतला आमचा कोणता, हे सांगणे अशक्य होते. तीन दिवसांचे काम, रक्त देणाऱ्या स्वयंसेवकाचा वेळ आणि प्रतिपिंडांचा महागडा साठा गेला याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि त्याहून वाईट याचे वाटले की चित्रे दिसायला सुंदर होती. पृष्ठभागशास्त्राची माहिती नसलेल्या कोणीही ती शोधनिबंधात छापली असती.

असे पूर्वी मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे, म्हणून हा विषय मी ओलांडून जाऊ शकत नाही. व्यापारी ‘सेम’ यंत्रे १९६५ पासून मिळू लागली आणि १९७३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की बी पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, पृष्ठभाग उंचवट्यांनी भरलेला असतो आणि टी पेशी बहुतांशी गुळगुळीत असतात, तेव्हा नुसत्या चित्रावरून दोन्ही ओळखता येतील. रक्ताच्या कर्करोगाच्या निदानासाठी ही मोठीच आशा होती. दोनच वर्षांत इतर संशोधकांनी दाखवून दिले की दोन्ही पेशींचे पृष्ठभाग सारखेच असू शकतात, आणि दिसलेला फरक बराचसा पेशी कशा जमवल्या आणि त्या जमवण्याआधी स्थिर केल्या की नंतर, यातून आलेला होता. यंत्राने त्यात काही चूक केली नव्हती. समोर जे ठेवले होते ते त्याने प्रामाणिकपणे दाखवले होते. तापमानाचाही या उंचवट्यांवर परिणाम होतो, म्हणून पेशी बर्फाच्या डब्यात ठेवून विद्यापीठ चौकाच्या वाहतुकीतून केंद्रापर्यंत नेणे आणि तेथे गेल्यावर स्थिर करणे हा मार्ग आम्ही पहिल्यापासूनच वर्ज्य मानला.

केंद्राशी आमचे संबंध सुधारले ते दुसऱ्या खेपेला, आणि त्याचे श्रेय जैविक नमुन्यांचे काम पाहणाऱ्या तांत्रिक अधिकारी मॅडमना आहे. मी पहिल्या खेपेची चित्रे घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला पेशीचा आकार बघायचाय की सोनं शोधायचंय?” दोन्ही, असे मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग एका कव्हरस्लिपवर दोन्ही मिळणार नाही. दोन वेगळ्या तयार करू.” या दोन वाक्यांत आमच्या प्रयोगाची मांडणीच बदलली.

त्यांचा विचार असा होता. नुसता आकार पाहायचा असेल तर ग्लुटराल्डिहाइडनंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड द्यावे, म्हणजे पेशीपटलातले मेद पक्के होतात आणि नमुना वीजवाहकही होतो, आणि वर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर द्यावा. सोन्याचे कण शोधायचे असतील तर मात्र परावर्तित इलेक्ट्रॉन टिपणारा डिटेक्टर वापरावा लागतो, कारण त्यात जड मूलद्रव्ये उजळ आणि हलकी मूलद्रव्ये काळपट दिसतात. सोन्याचा अणुक्रमांक ७९ आहे आणि पेशीतल्या कार्बनचा ६, म्हणून सोन्याचा कण काळ्या कापडावरच्या टिकलीसारखा उठून दिसतो. पण ऑस्मियमचा अणुक्रमांक ७६ आहे, आणि ते पेशीपटलात भरले की सगळी पेशीच उजळते व टिकली तिच्यात हरवते. म्हणून दुसऱ्या कव्हरस्लिपवर ऑस्मियम टाळायचे आणि धातूऐवजी कार्बनचा थर द्यायचा. कार्बनचा थर देणारे उपकरण केंद्रात होते, पण दरपत्रकात त्याचा उल्लेखच नव्हता. ही माहिती विचारल्याशिवाय कोणाला मिळत नाही, हा दोष मी केंद्राच्या पदरात टाकतो.

यापुढच्या चार खेपांत वाळवण्याच्या टप्प्याला मॅडमनी मला शेजारी उभे राहू दिले. इतर ठिकाणी नमुना खिडकीतून आत जातो आणि चित्रे बाहेर येतात, मधले काही दिसत नाही. येथे ३०, ५०, ७०, ९० आणि पुढे दोनदा १०० टक्के अल्कोहोल असे टप्पे माझ्यासमोर झाले. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना कव्हरस्लिप क्षणभरही हवेत कोरडी पडू नये, म्हणून मॅडम आधीचे द्रावण पूर्ण काढतच नसत, तळाशी थोडे ठेवून त्यावर पुढचे ओतत. शेवटचे अल्कोहोल नव्या, सील असलेल्या बाटलीतले हवे याबद्दल त्या आग्रही होत्या, कारण उघड्या बाटलीतले अल्कोहोल पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून घेते आणि ते थोडेसे पाणी द्रवरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट मिसळत नाही. ड्रायरमध्ये द्रव बदलण्याच्या फेऱ्याही त्यांनी घाई न करता वाढवल्या. या कामाला एक अख्खी दुपार लागते आणि त्या दुपारचे वेगळे शुल्क केंद्र घेत नाही, फक्त नमुन्यामागे एक ठरावीक रक्कम घेते. माझ्या मते केंद्राच्या सगळ्या दरपत्रकात खऱ्या अर्थाने स्वस्त अशी गोष्ट हीच आहे.

यंत्राबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. फील्ड एमिशन जातीचे ते यंत्र चांगल्या स्थितीत ठेवलेले आहे आणि कमी व्होल्टेजवर, म्हणजे २ ते ३ किलोव्होल्टवर, त्याची प्रतिमा स्थिर राहते. जैविक नमुन्याला हेच हवे असते, कारण जास्त व्होल्टेजवर इलेक्ट्रॉन पेशीच्या आत खोल शिरतात आणि पृष्ठभागाचे बारकावे पुसट होतात. कार्बनचा थर धातूइतका चांगला वाहक नसल्याने त्या कव्हरस्लिपवर वीजभार साठून पडद्यावर पांढरे पट्टे ओढले जात होते. चांदीच्या लेपाचा एक थेंब कव्हरस्लिपच्या कडेपासून खालच्या धातूच्या स्टबपर्यंत, म्हणजे नमुना बसवायच्या खुंटीपर्यंत, ओढल्यावर ते बरेच कमी झाले.

तिसऱ्या खेपेला आम्हाला हवे ते दिसले. आधी कमी वर्धनावर विखुरलेल्या गोल पेशी, मग त्यांतली एक, तिच्या अंगावर ताठ उभे उंचवटे, आणि डिटेक्टर बदलल्यावर त्या उंचवट्यांच्या टोकांजवळ दोनदोन-तीनतीनच्या पुंजक्यांत पांढरे ठिपके, मधली सपाटी जवळपास मोकळी. एल-सिलेक्टिन टोकांवर असते हे आधीपासून माहीत असलेलेच आहे, त्यामुळे हा काही शोध नव्हता, आमची पद्धत बरोबर बसली याची ती खूण होती. तरीही, प्रतिपिंड लावताना हात ज्या पेशींवरून फिरला होता त्याच पेशी अशा समोर आल्यावर मी काही वेळ पुढचे छायाचित्र घ्यायचे विसरलो, आणि मॅडमनीही घाई केली नाही. येथे एक सावधगिरी नोंदवतो. ठिपका जेथे दिसतो तेथेच प्रथिन असते असे नाही, कारण मध्ये दोन प्रतिपिंडांची साखळी असते आणि तिची लांबी धरली तर ठिपका प्रथिनापासून २० ते ३० नॅनोमीटर दूर असू शकतो. टोक की सपाटी या प्रश्नाला एवढी अचूकता पुरते. दोन प्रथिने एकमेकांना खेटून आहेत का, या प्रश्नाला ती पुरत नाही, आणि त्यासाठी या सेवेकडे जाऊ नये.

आता उरलेल्या तक्रारी. तासाचा स्लॉट नमुना कक्षात ठेवल्यापासून मोजला जातो, आणि निर्वात होण्यात व इलेक्ट्रॉनांची शलाका जुळवण्यात त्यातला मोठा भाग जातो. जैविक नमुन्यात चांगली पेशी शोधायलाच वेळ लागतो, तेव्हा एका तासाच्या स्लॉटमध्ये हाती फारसे लागत नाही आणि आम्ही पुढे नेहमी दोन तास सलग मागितले. संगणकाला विषाणू लागू नये म्हणून पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत आणि चित्रे सीडीवर घ्यावी लागतात. आजकाल कोऱ्या सीडी मिळतात कोठे, आणि वाचणारा संगणक तरी प्रयोगशाळेत आहे का, याची सोय आधीच करून ठेवावी. चित्रे न सांगता जेपीईजीत दिली जातात. कणांची मोजणी करायची असेल तर टीआयएफएफ मागून घ्यावीत आणि खालची माहितीपट्टी कापू देऊ नये, कारण मोजमापाची रेघ तिच्यातच असते. शुल्काचे दर विद्यार्थी, इतर संस्था आणि उद्योग यांना वेगवेगळे आहेत, आणि वाळवणे, मुलामा व यंत्राचा वेळ यांची आकारणी वेगवेगळी होऊन वर जीएसटी लागतो. मार्गदर्शकांची सही घेण्याआधी पूर्ण अंदाजपत्रक लेखी मागावे.

एक तक्रार पावसाळ्याची आहे आणि ती केंद्राने सहज दूर करावी अशी आहे. वाळवलेले नमुने यंत्राचा स्लॉट येईपर्यंत ज्या काचेच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, ठेवतात, त्यातली सिलिका जेल जुलैमध्ये पूर्ण गुलाबी झालेली होती. निळी असेल तर ती कोरडी आणि गुलाबी झाली की ओली, हे शाळेत शिकवतात. इतक्या जपून वाळवलेल्या पेशी पुन्हा दमट हवेत ठेवल्या तर उंचवटे मान टाकतात. मी सांगितल्यावर ती बदलली गेली, पण सांगावे लागले.

आमच्या ओळखीतले बरेच जण विचारतात की करोनाच्या विषाणूचे चित्र पुण्यात ज्या यंत्राने काढले, तेच हे का. तसे नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या नमुन्यातील विषाणूचे जे चित्र प्रसिद्ध केले, ते ट्रान्समिशन जातीच्या सूक्ष्मदर्शकाचे होते. त्यात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात, म्हणून नमुना अतिशय पातळ असावा लागतो आणि चित्र सावलीसारखे सपाट येते. पेशीच्या अंगावरचा चढउतार उजेड पडलेल्या डोंगरासारखा पाहायचा असेल तर ‘सेम’च हवा, आणि पेशी जिवंत असताना उंचवटे हलताना पाहायचे असतील तर या दोन्हींचा उपयोग नाही, कारण येथे समोर येते ते एका गोठलेल्या क्षणाचे चित्र असते.

पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास यंत्राला पाच, नमुना तयार करण्याच्या कामाला, मॅडम स्वतः असतील तर, पाच आणि त्या रजेवर असतील तर दोन, माहिती देण्याच्या पद्धतीला दोन, असे मी देईन. ज्यांच्याकडे स्वतःचा क्रिटिकल पॉइंट ड्रायर आहे त्यांनी नमुना वाळवूनच न्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी स्लॉट नोंदवण्याआधी सिलिंडर भरलेला आहे का, मुलामा कशाचा देणार आणि वाळवताना शेजारी उभे राहू देणार का, हे तीन प्रश्न फोनवर विचारावेत.

आमचा पुढचा स्लॉट जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला आहे. या वेळी जाग्या केलेल्या टी पेशी नेणार आहोत, ज्यांच्या अंगावरून एल-सिलेक्टिन कापले जाऊन गळून पडते, आणि उंचवट्यांची टोके तेव्हा खरोखर रिकामी दिसतात का ते पाहायचे आहे. सिलिका जेल ओव्हनमध्ये तापवून निळी करून आमची आम्हीच नेणार आहोत.